एक्झिटरजवळची पाण्यावर चालणारी लोकर गिरणी: नातवाला घेऊन जावं का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे इंग्लंडला चाललोय. एक्झिटरला असते ती. ही आमची तिसरी खेप, त्यामुळे लंडन, राजवाडे, समुद्रकिनारे सगळं बघून झालंय. या वेळी मुलगी म्हणतेय की घरापासून अर्ध्या तासावर अफकम नावाचं गाव आहे, तिथे कोल्डहार्बर मिल म्हणून दोनशे वर्षांपूर्वीची लोकरीची गिरणी आहे. नदीच्या पाण्यावर चालायची, आता तिचं म्युझियम केलंय. तिला स्वतःला सुट्टी नाही, पण आम्हाला आणि नातवाला पाठवायचं तिच्या मनात आहे.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी सातपूरला मेन्टेनन्समध्ये गेली, त्यामुळे ते कालपासूनच तयार आहेत. मी गेली चाळीस वर्षं स्वेटर विणतेय, लोकरीचे गुंडे हातातून सुटलेले नाहीत, पण मेंढीच्या अंगावरून तो गुंडा माझ्या हातात कसा येतो हे मला धड सांगता येणार नाही. नातू दहा वर्षांचा आहे. "हे कसं चालतं" हा त्याचा दिवसभराचा प्रश्न.

विचारायचं हे की अर्धा दिवस घालवण्यासारखं आहे का? माझे गुडघे दुखतात, जिने किती आहेत? तिथल्या लोकांचं इंग्रजी मला भराभर कळत नाही, तर जाण्याआधी थोडं समजून घेता येईल का, म्हणजे नातवाला मराठीत सांगता येईल? आणि आत गेल्यावर नेमकं काय बघायचं? कोणी गेलं असेल तर जरूर लिहा.

उपनगर ते एक्झिटर

ताई, मी दोन वर्षं एक्झिटरला होतो, जाण्यायेण्याचं तेवढं सांगतो. एक्झिटर सेंट डेव्हिड्सवरून गाडी पकडायची आणि टिव्हर्टन पार्कवेला उतरायचं, जेमतेम पाव तास. नावावर जाऊ नका, ते स्टेशन टिव्हर्टन शहरात नाही, हायवेच्या कडेला आहे. तिथून अफकम काही मैलांवर. टॅक्सी आधी सांगून ठेवा, आपल्यासारख्या रिक्षा उभ्या नसतात. जावई गाडीने सोडणार असतील तर उत्तमच.

एकच करा, उघडं असण्याचे दिवस बघून जा, आणि जमलं तर वाफेचं इंजिन चालवतात तो दिवस धरा. वर्षातून ठरावीक दिवशीच बॉयलर पेटवतात. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा इंजिन बंद होतं, अजून मनात राहिलंय.

पाटकरी

गोदाकाठची ताई, नक्की जा. अर्धा दिवस कशाला, सकाळी जा आणि संध्याकाळचा चहा घेऊन परत या. मी मागच्या मे महिन्यात मुलाबरोबर गेलो होतो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली आणि गाव सटाणा तालुक्यात, आरम नदीच्या काठचं. म्हणून मी ती गिरणी माझ्या नजरेने बघितली, आणि तुम्हीही तशीच बघावी असं मला मनापासून वाटतं. म्हणजे आधी पाणी बघा. यंत्रं नंतर.

सगळे लोक काय करतात, तिकीट काढलं की सरळ इमारतीत शिरतात. तसं करू नका. गिरणीच्या बाहेर एक पाट वाहतो. कल्म नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवून त्या पाटाने गिरणीपर्यंत आणलंय. त्याला ते लोक लीट म्हणतात, पण नातवाला सरळ पाट म्हणूनच सांगा. आमच्या बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत आहे. नदीत बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावरून फडाफडाला पाणी, आणि कोणाला किती हे बघायला पाटकरी. माझे आजोबा पाटकरी होते. पाळीचं पाणी बांधावर पोचलं की आजी घरातूनच ओरडायची, "पाणी उनं!" तो आवाज माझ्या कानात अजून आहे. त्या परक्या गावात पाटाच्या कडेला उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा तोच आवाज आठवला. तिथेही बांध, दार, सांडवा, जास्तीचं पाणी नदीला परत सोडायची मोरी, सगळं जिथल्या तिथे. आजोबांना नेलं असतं तर त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नसती.

१७९७ साली टॉमस फॉक्स नावाच्या माणसाने ही जागा अकराशे गिनींना घेतली. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. जागेबरोबर पंधराएक एकर कुरणही मिळालं. तेव्हा त्याने भावाला पत्र लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की इमारती बेताच्याच आहेत, पण प्रवाह चांगला आहे. मी ते तिथे वाचलं आणि दोन मिनिटं तिथेच थांबलो. इमारत पाडून नवी बांधता येते. प्रवाह बांधता येत नाही. आम्ही खात्यात धरणाची जागा बघायला जायचो तेव्हा आमचे साहेबही आधी नदीच बघायचे, कागद मग.

आता चाक. मोठं लोखंडी चाक आहे, व्यास १८ फूट आणि रुंदी १४ फूट. व्यासापेक्षा मला रुंदीचं जास्त नवल वाटलं. १४ फूट म्हणजे आपल्याकडची एक चांगली खोली होते. आपण छत्रपती संभाजीनगरला पाणचक्की बघतो, तिथे लांबून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी उंचावरून पडतं, त्या धारेच्या माऱ्याने पाती फिरतात आणि वरचं जातं फिरतं. इथे पाणी चाकाच्या कडेच्या कप्प्यांत भरतं आणि चाक फिरतं ते त्या पाण्याच्या वजनाने. एका बाजूचे कप्पे भरलेले, दुसऱ्या बाजूचे रिकामे, म्हणजे तराजूचं एक पारडं कायम जड. नातवाला तराजूच सांगा, लगेच समजेल. आणि त्याला रहाट माहीत असेल तर म्हणावं हा उलटा रहाट. रहाटात आपण जोर लावतो आणि पाणी वर येतं, इथे पाणी खाली जातं आणि जोर आपल्याला देऊन जातं.

त्याच्या आजोबांसाठी एक हिशेब देतो. सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली पडलं तर साधारण १३ अश्वशक्ती मिळते, तीही काहीच वाया न जाता. यावरून कळतं की हे काम किती पाणी आणि किती उतार यावर अडलेलं असतं. नदीला पाणी कमी झालं की गिरणी मंद. म्हणूनच पुढे तिथे वाफ आली. १९१० चं पॉलिट अँड विग्झेल कंपनीचं इंजिन आहे, ३०० अश्वशक्तीचं, अजून चालू स्थितीत. पण वाफ आली म्हणून चाक काढून टाकलं नाही. १९७० च्या दशकापर्यंत ते कामावर होतं. पाणी फुकट आहे, कोळसा विकत घ्यावा लागतो, एवढा साधा हिशेब. गिरणी बंद पडली १९८१ मध्ये आणि पुढच्याच वर्षी म्युझियम म्हणून उघडली. त्यामुळे यंत्रं भंगारात गेली नाहीत. आपल्याकडे बंद गिरणीचं काय होतं ते मुंबईत सगळ्यांनी बघितलंय, म्हणून मला हे फार मोठं काम वाटतं.

मी चाकाजवळ अर्धा तास होतो. मुलगा पुढे चला म्हणत होता. आवाज गडगडाटी असेल असं वाटलं होतं, तसा नव्हता. कप्पा भरतो तेव्हा एक घोट घेतल्यासारखा आवाज, खाली रिकामा होतो तेव्हा बादली ओतल्यासारखा, आणि मधे लाकूड आणि लोखंड एकमेकांवर टेकल्याचा जड आवाज. भिंतीला शेवाळ, अंगावर बारीक तुषार, मे महिन्यातही स्वेटर घालावा असा गारवा. चाक अगदी सावकाश फिरतं. मग आत सूत कातणाऱ्या चात्या इतक्या वेगाने कशा फिरतात? मोठं दातेरी चाक लहान चाकाला फिरवतं, लहान चाक दांड्याला, दांडा पट्ट्यांना. दर टप्प्याला वेग वाढतो आणि जोर वाटला जातो. हे तुमच्या ह्यांच्याकडून ऐका, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. नातवाला छताकडे बघायला लावा. सगळी मौज छताला आहे. एक लांब दांडा, त्यावर कप्प्या, त्यावरून खाली उतरलेले पट्टे. अशा गिरण्या तीन-चार मजली का बांधत, तर एकाच चाकापासून निघालेला जोर जवळच्या जवळ, मजल्यावर मजला करून, जास्तीत जास्त यंत्रांना पोचवायचा.

आता लोकर. तिथे एका माणसाने माझ्या हातात पेळू दिला. हो ताई, अगदी आपल्या चरख्याचा असतो तसा पेळू, फक्त न संपणारा, मनगटाएवढा जाड आणि कापसापेक्षाही मऊ. मला म्हणाला ओढा. मी ओढला तर तुटला. मग त्याने दोन्ही हात लांब धरून हळूच ओढला, तो बारीक होत गेला पण तुटला नाही. म्हणाला, सगळी गिरणी एवढंच करते. ओढायचं, दोन-चार पेळू एकत्र करायचे, पुन्हा ओढायचं, म्हणजे जाड-बारीक सारखं होतं, आणि शेवटी पीळ द्यायचा. पिळाशिवाय धागा नाही. हात तेलकट झाले होते, आणि मेंढीचा वास. मला एकदम आमच्या शेतात मेंढ्या बसवलेल्या रात्री आठवल्या. खतासाठी धनगरांचा वाडा दोन-तीन रात्री शेतात बसायचा तेव्हा सकाळी सगळ्या रानाला हाच वास असायचा.

तुम्ही विणकाम करता म्हणून एक गोष्ट खास तुमच्यासाठी. लोकरीच्या धाग्याचे दोन प्रकार असतात. एकात तंतू नुसते पिंजून गुंतवतात, ते वेडेवाकडे राहतात, धागा फुगीर आणि उबदार होतो. दुसऱ्यात लांब तंतू विंचरून समांतर करतात, आखूड तंतू बाजूला काढतात, धागा गुळगुळीत आणि कणखर होतो. या दुसऱ्याला वर्स्टेड म्हणतात. लग्नातल्या सुटाच्या कापडाच्या काठावर हा शब्द आपण सगळ्यांनी वाचलेला आहे. कोल्डहार्बरला मुख्यतः हे दुसऱ्या प्रकारचं सूत निघायचं. तिथे जुन्या यंत्रांवर काढलेली लोकर दुकानात मिळते. दोन गुंडे घ्या आणि पीळ उलगडून बघा, फरक बोटांना कळेल.

आणि एक गोष्ट जी मी कोणाला सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. पहिल्या महायुद्धात फॉक्स यांच्या गिरण्यांनी सैनिकांच्या पोटरीला गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या बनवल्या. इंग्रजीत त्याला पटी म्हणतात. तो शब्द आपला आहे, पट्टी! इंग्रज इथून शिकून गेले. देवळालीच्या कॅम्पात हजारो शिपाई त्या पट्ट्या बांधून कवायत करायचे. माझे मामाआजोबा पोलिसात होते, त्यांचीही खाकी पट्टी मी लहानपणी घडी घालून ठेवलेली बघितलीय, आणि ती गुडघ्याखाली ठरावीक पद्धतीनेच गुंडाळावी लागायची, नाहीतर चालताना सुटायची. तिथल्या काचेच्या कपाटासमोर मी मुलाला म्हटलं, अरे ही आपल्या मामाआजोबांची पट्टी. ती कुठल्या गिरणीची होती कोण जाणे, पण शब्द आणि वस्तू दोन्ही मला ओळखीचे होते. त्याआधी, अठराव्या शतकाच्या शेवटाला, याच घराण्याचं सर्जचं कापड ईस्ट इंडिया कंपनीमार्फत चीनला जायचं. म्हणजे आपल्यावर राज्य करणारी कंपनी हीच या घराण्याची मोठी गिऱ्हाईक.

गुडघ्याचं: जिने आहेत, आणि जुन्या इमारतीत फरशी ओलसर आणि घसरडी लागते. चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला. तळमजल्यावरच चाक, इंजिन, पाट असं निम्मं बघून होतं, बाकीचं गुडघे किती साथ देतात ते बघून. लिफ्टचं फोनवर विचारून घ्या. चाक त्या दिवशी फिरवणार आहेत का हेही त्याच फोनवर विचारा, रोज फिरतंच असं नाही.

आपली घोंगडी मात्र त्या कापडापुढे फारच जाडीभरडी वाटली. आपल्याकडे इतकी मेहनत लोकरीवर कोणी घेतलीच नाही असं तिथे उभं राहून वाटलं.

सिन्नरचा माग

पाटकरी काका, पाण्याचं तुम्ही फार सुंदर लिहिलंय, पट्टीचं वाचून तर मी आमच्या वडिलांना फोन केला. पण शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसलो. आम्ही सणगर. आजोबांनी मरेपर्यंत घोंगड्या विणल्या, मी लहानपणी त्यांच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलोय. मेहनत नव्हती असं म्हणू नका.

घोंगडी खरबरीत लागते ती मेंढीमुळे. आपली दख्खनी मेंढी काट्याकुट्यांतून, उन्हातून, पावसातून शेकडो मैल चालते. तिची लोकर भरड आणि केसाळ असते, तिच्यापासून सुटाचं कापड कधीच होणार नाही. पण तीच लोकर धनगराला हवी असते, कारण डोक्यावरून खोळ घेऊन तो पावसात उभा राहिला की पाणी वरच्यावर ओघळून जातं. ज्या कामाला घोंगडी आहे त्या कामाला ती बरोबर आहे. आणि मऊच हवी असेल तर जावळाची घ्यावी. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी बाळंतिणीच्या खोलीत वापरायचे आमच्याकडे.

मेहनतीचं सांगतो. मेंढ्या आधी नदीला नेऊन धुवायच्या, मग कातरायच्या. काळी, पांढरी, करडी लोकर हाताने वेगळी करायची. तातीच्या कमानीने पिंजायची, तो टंग टंग आवाज गल्लीभर. बायकांनी कातायची. मग ताणा लावायचा, तोही गल्लीतच, या टोकाच्या खुंटीपासून त्या टोकाच्या खुंटीपर्यंत. आणि मग खळ. चिंचोके भाजायचे, साल काढायची, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे, आणि ती चिकट खळ मोठ्या कुंच्याने ताण्यावरून ओढायची, दोन माणसं दोन बाजूंनी, एका लयीत. खळ जास्त झाली तर धागा मोडतो, कमी झाली तर मागावर पिंजारतो. आजोबा बोटाला लावून बघायचे आणि सांगायचे, अजून एक उकळी. नवी घोंगडी कडक लागते ती या खळीने. एक पावसाळा अंगावर काढला की ती माणसाच्या अंगाची होते.

तुम्ही तिथे बघितलेल्या प्रत्येक टप्प्याला आमच्याकडे माणूस होता. तिथे नदी होती. मला वाटतं ताईंनी नातवाला हेच सांगावं. आणि जमलं तर घोंगडीचा एक तुकडा बरोबर न्या. त्या लोकांच्या हातात द्या. त्यांना कळेल.

पाटकरी

दादा, माझं चुकलं. तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि ते वाक्य मी मागे घेतो. मी घोंगडीची तुलना सुटाच्या कापडाशी करायला नको होती. आमच्या घरात अजून एक आहे, निफाडच्या मळ्यावर राखणीला जाताना वडील न्यायचे. द्राक्षाच्या दिवसांत तिथे पहाटे काय गारठा असतो ते नाशिककरांना सांगायला नको. तेव्हा आम्हाला तीच पुरायची.

तुमच्यामुळे एक आठवलं, तेही ताईंसाठी लिहितो. विणल्यानंतर कापड घट्ट करायची एक रीत तिथे होती. ओलं कापड साबणमातीत घालून कुटायचं म्हणजे ते आटतं, तंतू एकमेकांत रुततात, विणीची भोकं बुजतात. पूर्वी ते पायाने तुडवायचे, आणि मळ काढायला शिळं मूत्रही वापरायचे, त्यातल्या अमोनियासाठी. इंग्लंडात बाराव्या शतकापासून हे कुटायचं काम पाण्याच्या चाकावर आलं, लाकडी हातोडे वर उचलायचे आणि सोडायचे. म्हणजे लोकरीच्या धंद्यात सूत कातण्याच्या कितीतरी शतकं आधी पाणी कुटायच्या कामाला लागलं. हे काम करणाऱ्याला एक्झिटरच्या बाजूला टकर म्हणत, दुसरीकडे फुलर, तिसरीकडे वॉकर. तीनही आज आडनावं आहेत. जसं आपल्याकडे सुतार, लोहार, तांबट.

एक्झिटर शहरातच फोर स्ट्रीटवर टकर्स हॉल आहे, विणकर, कुटणारे आणि कापड कातरणारे यांच्या संघाचा, १४७१ चा. मुलीच्या घरून पायी जाता येत असेल तर गिरणीच्या आधी तो बघून घ्या. तिथे बोंडांची एक चौकट ठेवलेली दिसली तर नातवाला हात लावू देतील का विचारा. टीझल नावाच्या काटेरी झाडाची वाळलेली बोंडं असतात ती. कापडावर लव उठवायला त्यांनी घासायचे. लोखंडी तारेने कापड फाटायचं, बोंडाचा काटा मात्र अडकला की स्वतः मोडतो आणि कापड वाचतं. सॉमरसेटमध्ये त्याची खास शेती व्हायची. मला हे तुमच्या चिंचोक्यासारखंच वाटलं. रानात जे आहे त्यातूनच काम काढलेलं.

उपनगर ते एक्झिटर

टकर्स हॉल मी दोन वर्षं रोज ओलांडून गेलो आणि आत कधी शिरलो नाही. फोर स्ट्रीटला उतार चांगलाच आहे ताई, गुडघ्यांसाठी वरच्या बाजूने खाली उतरत या आणि खालून बस पकडा. हॉलही ठरावीक दिवशीच उघडा असतो, तेवढं बघून घ्या.

गोदाकाठची

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री मी सगळं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. १३ अश्वशक्तीचा हिशेब त्यांनी लगेच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून बघितला आणि आज सकाळी व्हिडिओ कॉलवर नातवाला उलटा रहाट समजावला. त्याला रहाट माहीत नव्हता. मग ह्यांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, त्याला दोरी गुंडाळली, टोकाला पेला बांधला आणि त्यात पाणी ओतून दाखवलं. पेला जड होऊन खाली गेला, वरवंटा फिरला. ओट्यावर सगळं पाणी. पण तो तिकडून ओरडला, "आजोबा, कळलं, पुन्हा दाखवा!" तीन वेळा दाखवलं.

मुलीने गिरणीत फोन केलाय. चाक फिरणार आहे त्या दिवसाची तिकिटं ती काढतेय. लिफ्टचं ते लोक कळवणार आहेत.

सिन्नरच्या दादा, तुमचं ऐकलं. माझ्या सासूबाईंची घोंगडी माळ्यावर डांबरगोळ्या घालून ठेवलेली होती, ती आज उतरवून गच्चीत उन्हाला टाकलीय. एका कोपऱ्याला कसरीने खाल्लंय, तिथून वीतभर तुकडा कापून बॅगेत ठेवणार आहे. तिची वीण जवळून बघितली तर दर दोन-तीन बोटांवर सूत थोडं जाड होतं, थोडं बारीक होतं, आणि काळ्यात एखादा करडा केस चमकतो. चाळीस वर्षं विणतेय, पण आपल्याच घरातल्या या विणीकडे मी कधी असं बघितलं नव्हतं. पाटकरी काका, तो पेळू ओढून दाखवणारा माणूस अजून तिथे असेल तर त्याच्याच हातात देते हा तुकडा. परत आल्यावर फोटो टाकते.

एक विचारायचं राहिलं. नुसत्या लोकरीचा तुकडा विमानातून नेताना तिकडे काही अडवतात का? धुऊन, वाळवूनच नेणार आहे.